दहा हजार किलोमीटर बघायचं काम नाही

गावातल्या मिस्त्री चाचांनी माझ्या वडलांच्या, नानांच्या मोटरसायकलची डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल किती आहे ते बघायची पट्टी, काढली, खांद्यावरच्या फडक्याला पुसली, परत भोकात नुसती टेकवली, परत काढली आणि उन्हाकडं धरून बघितली. कोरडी. म्हणजे अगदी टोकाला एक काळा ठिपका होता, तेवढाच. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नानांकडंही नाही, इंजिनाकडंच बघत विचारलं, "तेल कधी बदललं होतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "पाडव्याला. पोरानं भारीतलं टाकलंय, सिंथेटिक. दहा हजार किलोमीटर बघायचं काम नाही म्हनला." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट चाचांना सांगताना थोडं कौतुकच होतं, पोरगं वाळूजला कंपनीत आहे, त्याला गाड्यातलं कळतं, असं. तेच मला अजून टोचतंय. नाना चिडले असते तर मीही काहीतरी बोललो असतो, तेल चांगलंच होतं, गाडी जुनी झाली, असं काहीतरी. पण ते माझंच वाक्य होतं, शब्दाला शब्द, आणि ते त्यांनी सहा महिने जपून ठेवलं होतं.

गोष्ट साधी आहे. माझ्याकडं नवी गाडी आहे, तिच्या पुस्तकात तेल बदलायचा आकडा १०,००० किलोमीटर लिहिलाय. गाडी घेतली तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं, कारण आमच्या घरात तेल म्हणजे तीन-चार हजाराला बदलायची गोष्ट. मग पाडव्याला गावाकडं जाताना नानांसाठी संभाजीनगरहून सिंथेटिक तेलाचा डबा घेतला, बॅगेत सांडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळला, जिंतूरपर्यंत बसमधी मांडीवर घेऊन बसलो. ग्रेड बरोबर बघून घेतला होता, १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए २ ही मोटरसायकलच्या तेलाची खूण लिहिलेली, म्हणजे त्यात काही चूक नव्हती. लिंबाखाली गाडी डबल स्टँडला लावली, पाच मिनिटं चालू ठेवून इंजिन कोमट केलं, खाली घमेलं ठेवून बोल्ट काढला. नाना घमेलं धरून उकिडवे बसले होते. काळी धार पडली, मग तिचे थेंब झाले, मग थेंबही थांबले, तरी नाना म्हणत होते, थांब की, अजून येऊ दे. मग नवीन ओतलं, घाण्यावरच्या करडईच्या तेलासारखं स्वच्छ, आणि नानांनी बोटाला लावून वास घेतला. तेव्हा मी हात पुसता पुसता ते वाक्य बोललो. आता दहा हजार किलोमीटर बघायचं काम नाही.

हे वाक्य किती मोठं आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

कारण नानांची एक पद्धत होती, माझ्या आठवणीत आहे तेव्हापासूनची. तेल बदलायचं पाडव्याला आणि खंडेनवमीला. पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं, तेव्हाच गाडीचं तेल, आणि खंडेनवमीला विळे, कुऱ्हाड, वखराची पास धुऊन पुजेला मांडतात तेव्हा गाडीपण धुऊन, तेल बदलून, झेंडूची माळ घालून उभी. मधे कितीही किलोमीटर होवोत. आणि दर बाजारच्या दिवशी, निघायच्या आधी, डिपस्टिक काढून बघायची. देवळीत तेलाचा अर्धा भरलेला डबा कायम असायचा, तोंडाला प्लास्टिकची पिशवी अन् रबर. कमी दिसलं की घोटभर टाकायचं. घोटभर हा त्यांचाच शब्द. मला लहानपणी ते बघताना असं वाटायचं की देवाला निवद दाखवतात तसं हे काहीतरी आहे, गाडीला लागत नसलं तरी आपलं दाखवायचं. मोठा झाल्यावर, कंपनीत लागल्यावर तर मला ते अडाणीपणाचंच वाटायला लागलं होतं, हे कबूल करायला लाज वाटते पण खरं आहे. कुठं लिहिलंय दर आठवड्याला बघायचं? आणि सहा महिन्यांचा हिशोब कुठला, इंजिनाला काय पाडवा-दसरा कळतो का?

तर कळतो, तसा. मी नंतर नीट वाचलं, नानांच्या गाडीचं पुस्तक फडताळातून शोधून काढलं, कव्हर उंदरानं कुरतडलेलं. शंभर सीसीची साधी गाडी, गावात दर दुसऱ्या दारापुढं उभी असते तीच. तिच्यात सगळं मिळून ९०० मिलीच्या आसपास तेल बसतं, एक लिटरपण नाही. माझ्या गाडीसारखा कागदी ऑइल फिल्टर तिच्यात नाहीच. एक जाळी असते आणि एक गरगर फिरणारी वाटी, जी घाण कडेला फेकून तिथंच चिकटवून ठेवते. पाणी नाही, रेडिएटर नाही, इंजिन गार ठेवायला वारा आणि हे एवढंसं तेल. आणि त्याच तेलात गिअरबॉक्स, त्याच तेलात क्लचच्या प्लेटा. मोटरसायकलचं तेल कारच्या तेलापेक्षा जास्त राबतं ते यामुळंच. कारचं तेल अशा मोटरसायकलीत चालत नाही तेही यामुळंच, माझ्या एका मित्रानं घरी उरलेलं कारचं तेल वाया कशाला घालवायचं म्हणून गाडीत ओतलं होतं अन् कन्नडच्या पुढं औट्रम घाटात इंजिन बोंबलतंय पण गाडी वर चढत नाही अशी अवस्था झाली, क्लच घसरायला लागला. त्या तेलात घर्षण कमी करायला जे घातलेलं असतं ते क्लचला नको असतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ बघायचं ते त्यासाठी, हे एवढं मला माहीत होतं, आणि एवढं माहीत असलं की माणसाला वाटतं सगळंच माहीत आहे.

सिंथेटिक तेल चांगलं असतं यात मला आजही शंका नाही. ते काही दुसऱ्या जगातून येत नाही, बाजारात मिळणारं बरंचसं सिंथेटिक हे क्रूडपासूनच काढलेलं असतं, फक्त त्यावर इतकी प्रक्रिया केलेली असते की त्याचे रेणू बऱ्यापैकी एकसारखे होतात. म्हणून ते उन्हाळ्यात लवकर पातळ होऊन जीव सोडत नाही, कमी उडतं, आणि गाळ कमी धरतं. मे महिन्यात आमच्याकडं ४३ च्या पुढं पारा जातो तेव्हा त्याचा फायदा आहेच. पण १०,००० हा आकडा तेलाचा एकट्याचा नसतो हो. तो त्या इंजिनाचा, त्या फिल्टरचा, त्या रस्त्याचा, आणि गाडी कोण कशी चालवतं त्याचा मिळून असतो. माझा आकडा माझ्या गाडीचा होता. मी तो डब्यात घालून नानांना नेऊन दिला.

नानांचा रस्ता म्हणजे घर ते शेत, तीन किलोमीटर, त्यातलं दोन पांदण. पुढं दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या नाहीतर मागं सरकी पेंडीचं पोतं. पहिला-दुसरा गिअर. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा असा की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत नाही, तो सगळा एअर फिल्टरवर जाऊन बसतो आणि फिल्टर थकला की बारीक कण आत, तेलात. मी एकदा बसून हिशोब केला. पांदणीत ताशी १५ नं गेलं तर १,००० किलोमीटरला इंजिन ६६-६७ तास चालतं. तेच मी वाळूजहून नगर रोडनं ६० नं गेलो तर १,००० किलोमीटर १६-१७ तासात होतात. अगदी चौपट धरू नका, हायवेला इंजिन जोरात फिरतं, पण मीटरला जे दिसतं ते इंजिनानं भोगलेलं नसतं एवढं नक्की. त्यात तीन किलोमीटरमधी इंजिन पुरतं तापतही नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, इंजिन चांगलं तापलं की ती निघून जाते, नाही तापलं की तेलातच मुरते, थोडं न जळलेलं पेट्रोलही त्यात उतरतं. पावसाळ्यात डिपस्टिकच्या बुचाला आतून सायीसारखं पांढुरकं लागलेलं असतं ते तेच. म्हणून पुस्तकं किलोमीटरसोबत महिन्यांचाही हिशोब देतात, जे आधी येईल ते. सहा महिने, वर्ष. पाडवा ते दसरा किती होतात? तेवढेच.

पण खरी भानगड तेल खराब होण्याची नव्हतीच, तेल संपण्याची होती.

गाडी नानांची पंधरा वर्षांची. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, थोडं थोडं तेल वर चढून पेट्रोलसोबत जळत होतं. हजार किलोमीटरला १५० मिली धरा. एवढ्यानं काही निळा धूर निघत नाही, निघाला तरी सकाळी चालू करताना थोडासा, तो कोण बघतंय. हे किती वर्षं चाललं होतं कुणालाच माहीत नाही, कारण नाना दर बाजारला घोटभर टाकत होते आणि त्या घोटभरात ते सगळं झाकलं जात होतं. मी सांगितल्यापासून त्यांनी बघणं बंद केलं. पाडव्यापासून ४,००० किलोमीटर झाले होते. १५० चोक सहाशे. नऊशेतून सहाशे गेले. चाचांनी बोल्ट काढला तेव्हा खाली जे आलं ते चहाच्या दोन कपांपेक्षा जास्त नव्हतं, आणि गोड गोष्ट अशी की ते आलेलं तेल अजून चांगलं होतं. चाचांनी अंगठा आणि बोटात चोळून बघितलं, म्हणाले, "माल तो अच्छा है. काळं झालं म्हणून काय झालं, काळं व्हायलाच पायजे, घाण धरून ठेवायलंय ते. पन हायच कुठं?"

तेलाची तक्रार नव्हती कुणाची. मी बदलायचं अंतर वाढवलं आणि त्याच्यासोबत बघायचं अंतरपण वाढवून टाकलं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यातच आलं नाही. गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या गाडीच्या पुस्तकात त्या १०,००० च्या जवळच लिहिलंय की मधे मधे पातळी तपासत राहा, कमी असेल तर भरा. मी ती ओळ वाचली होती. वाचली होती म्हणजे डोळ्याखालून गेली होती.

आजोबांची बैलगाडी होती तेव्हा आखाला वंगण घालायचं काम माझ्याकडं असायचं. गाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं, त्यात एरंडेल आणि चिंध्या, काळंकुट्ट झालेलं, एक काडी त्यात बुडवून ठेवलेली. आजोबा चाक थोडं बाहेर ओढायचे आणि मी काडीनं आखाला लावायचो, हाताचा तो वास दोन दिवस जायचा नाही, माय भाकरीच्या ताटावर बसू द्यायची नाही राखेनं हात घासल्याशिवाय. खूप नंतर कधीतरी कळलं की कॅस्ट्रॉल हे नावच मुळात एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून आलंय, १९०९ साली ते तेल काढलं तेव्हा त्यात एरंडेल घातलेलं होतं, आणि पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांच्या इंजिनातसुद्धा वंगण म्हणून एरंडेलच असायचं. ते वाचल्यावर मला आमचं ते नळकांडं डोळ्यापुढं आलं होतं. आजोबांना सांगायला पाहिजे होतं, पण ते तोवर गेले होते. आता हे सगळं आठवायचं कारण एवढंच, बैलगाडी कोरडी पडली की करकरायची. शिवारातून येताना आवाज लांबून यायचा आणि लोक म्हणायचे, अमक्याची गाडी वरडायली, वंगण नाही वाटतं. बैलं मान टाकायची. बैलगाडी सांगायची. मोटरसायकल सांगत नाही. नानांच्या गाडीला तेलाचा दिवाही नाही डॅशबोर्डवर. ती शेवटपर्यंत तशीच चालते, रोजच्यासारखी, आणि जेव्हा टकटक सुरू होते तेव्हा ती तक्रार नसते, आत झीज होऊन बसलेली असते.

टकटक नानांनी पोळ्याच्या सुमाराला ऐकली होती. मला फोनवर सांगितलंपण होतं, गाडी आवाज करायली रे. मी मीटिंगमधी होतो, म्हटलं टॅपेट वाजत असतील, चाचांकडून सेटिंग करून घ्या. टॅपेट वाजणं ही काही मोठी गोष्ट नसते, पाच मिनिटांचं काम. नाना म्हणाले, बरं. आणि सोयाबीन काढायला आलेलं, मजूर मिळत नव्हते, पाऊस रोज दम देत होता, तर ते राहून गेलं. तरी बंद पडायच्या आत मी गावी आलो अन् गाडीवर बसून फाट्यापर्यंत गेलो म्हणून कळलं. जाम झाली असती तर, तेही पांदणीत, किटल्या लावलेल्या असताना, मागचं चाक एकदम धरलं असतं. ते मी जास्त विचारात घेत नाही.

चाचांनी हेड खोललं तेव्हा मी बाजूलाच बसलो होतो, पत्र्याच्या शेडमधी, खाली वर्षानुवर्षांच्या तेलानं जमीन अशी काळी घट्ट झालेली की त्यावर गवताचं पातं नाही. हेड इंजिनात सगळ्यात वर, तिथंच तेल सगळ्यात उशिरा पोचतं आणि कमी पडलं की सगळ्यात आधी तिथलंच तुटतं. चाचांनी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारी दांडी, माझ्या तळहातावर ठेवली. बोटाएवढी चीज आहे, वजनाला मात्र जड. तिचा उंचवटा आरशासारखा गुळगुळीत असायला पाहिजे, तिथं नखानं ओरखडल्यासारखी टोकं आली होती, मी अंगठा फिरवला तर चामडीला लागलं. तिच्यावर टेकणाऱ्या रॉकरच्या तोंडाला खड्डा. त्या खड्ड्यात मला सहा महिन्यांचे बाजारचे दिवस दिसले, पंचवीस-सव्वीस असतील, ज्या दिवशी नाना गाडीजवळ आले असतील, हात डिपस्टिककडं गेला असेल सवयीनं, आणि मग माझं बोलणं आठवून मागं घेतला असेल. हे मी कल्पनेनं लिहितोय, त्यांना विचारलं नाही. विचारवत नाही.

रिंगा, पिस्टन, कॅम, रॉकर, सिलिंडरला आतून बोअर मारून घेतला, सगळं मिळून मजुरीसकट साडेपाच हजाराच्या घरात गेलं. पैसे मी दिले. नाना नको म्हणत होते, गाडी माझी हाय. त्यावरून चाचांच्या दुकानातच आमचं थोडं झालं. चाचा मधे पडले नाहीत, रॉकेलच्या डब्यात पार्ट धूत बसले.

त्या रात्री ओसरीत झोप येईना. लिंबाच्या बुडाशी एक डबी दिसत होती, नानांनी पाडव्याचं काढलेलं काळं तेल त्यात भरून ठेवलेलं, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावायला. मी त्यांना म्हटलं होतं ते सांडू नका, विहिरीकडं तर नेऊच नका, जळकं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात धरतात. ते त्यांनी ऐकलं होतं, डबीला झाकण घट्ट होतं. माझं सगळंच ऐकतात ते हल्ली. मी त्यांच्या मोबाईलला वर्षाचा रिचार्ज मारून दिलाय, लाईट बिल इथूनच भरतो, गॅस नंबर लावतो. त्याच्या आधी महिन्याला दोन-तीन फोन ठरलेले असायचे, रिचार्ज संपला रे, बिल आलंय बघ, आणि त्याच्या मागं इकडचं तिकडचं निघायचं, म्हशीचं, पावसाचं, कुणाच्या सोयरिकीचं. आता सगळं सुरळीत आहे. फोन करायला कारण पडत नाही.

नवीन तेल कुठलं टाकायचं यावर सकाळी परत चर्चा. चाचांचं म्हणणं, बोअर नवीन आहे, आधी साधं मिनरलच टाका, पाचशे किलोमीटरला काढून फेका कारण रिंगा बसताना धातूची पूड निघते, मग पुढं साधंच, दोन-अडीच हजाराला बदलत राहा. मला ते पटलं. एवढ्याशा इंजिनाला, एवढ्या धुळीत, कागदी फिल्टर नसताना, महागाचं तेल दहा हजार ताणण्यापेक्षा स्वस्तातलं वेळेवर काढून टाकणं बरं, घाणही त्याच्यासोबत बाहेर जाते. सिंथेटिक टाकायचंच तर टाका, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरा, शेतातली गाडी असेल तर त्याच्याही आधी, आणि सहा महिन्यांच्या पुढं नाही. माझ्या गाडीत मी सिंथेटिकच वापरतो, पुढंही वापरीन, फक्त आता सहा-सात हजारालाच बदलतो, माझं रोजचं जाणं वाळूजच्या ट्रॅफिकमधलं, अर्धा वेळ गाडी उभीच असते चालू इंजिनावर. आणि दर दुसऱ्या रविवारी तेल बघतो. कंपनीतली पोरं विचारतात काय बघतो सारखं. त्यांना मी हेच सांगतो जे इथं लिहितोय, थोडक्यात.

निघताना मी नानांना म्हटलं, नाना, बाजारच्या दिवशी परत बघत जा. ते काही बोलले नाहीत. देवळीतला डबा रिकामा होता, त्यात चाचांकडून आणलेलं उरलेलं तेल ओतलं, तोंडाला पिशवी अन् रबर लावलं, होता तसा ठेवला. मग म्हणाले, "बघायला काय लागतंय. तूच म्हनला होतास नको म्हनून." मी म्हटलं, चुकलं माझं. ते गाडी पुसत होते, पुसतच राहिले.

आता दर बाजारच्या दिवशी सकाळी व्हॉट्सअपवर एक फोटो येतो. डिपस्टिकचा. अर्धा अंगठाच असतो त्यात, नखात काळी माती, मागं कधी म्हशीचं शेपूट, कधी कापसाचे झेले. पहिले दोन तर पूर्ण हललेले होते, काही कळत नव्हतं. खाली काही लिहिलेलं नसतं. कालच्या फोटोत खालच्या रेषेच्या जरा वर दिसलं, मला शंका आली, मी मोठं करून करून बघितलं, मग विचारलं, नाना, गाडी डबल स्टँडला लावून बघितली का साईडला? आणि डिपस्टिक आटे फिरवून बसवून बघू नका, नुसती टेकवायची. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, मागं बाजारचा कालवा, कोथिंबिरीवाल्याचं ओरडणं.

"डबललाच लावली होती. मी तुझ्या आधीपसून बघायलोय तेल. आन् घोटभर टाकलं निघताना. तू कधी येणारंस?"